दुसरी सही

९ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

अठरा वर्षांच्या विद्यापीठसेवेने कणा वाकल्यामुळे साष्टांगातली दोन अंगे वजा करून, उरलेल्या सहांचा नमस्कार.

शुभवार्ता प्रथम. आमच्या किरणोपचार विभागात यंदापासून 'शिक्षणप्रमुख' असे एक अभिनव पद निर्माण होत आहे. नव्या डॉक्टरांचे, तंत्रज्ञांचे आणि भौतिकतज्ज्ञांचे अध्यापन, सर्वांच्या कामाच्या पाळ्या आणि प्रत्येकाचे वार्षिक मूल्यमापन, हे सारे या पदाच्या हाती राहील. जाहिरातीतली पात्रता वाचताना मला आरशासमोर उभे असल्याचा भास झाला. 'किमान पंधरा वर्षांचा अनुभव इष्ट.' माझी अठरा. म्हणजे वर तीन वर्षे मी विभागास दक्षिणा म्हणून सोडू शकतो.

माझे काम तुला अनेकदा समजावूनही तू लोकांना 'तो कुठल्याशा मशीनवर असतो' असे सांगतेस, जणू मी पिठाच्या गिरणीत आहे. शेवटचे सांगतो. कर्करोगाची गाठ कुठे आहे ते डॉक्टर दाखवतात. तिच्यावर किरण कोणत्या कोनातून आणि किती सोडायचे याचा आराखडा आम्ही भौतिकतज्ज्ञ करतो. तंत्रज्ञ तो अमलात आणतात. प्रत्येक आराखड्यावर दोन सह्या लागतात: पहिली करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसऱ्या सहीवाचून मशीन सुरू होत नाही.

आणि माझा तो सुप्रसिद्ध पहिला तास! विद्यार्थ्यांकडे तोंड करून मी एक हात उंचावतो आणि विचारतो, "हा कोणता?" अर्धा वर्ग 'डावा' म्हणतो, अर्धा 'उजवा'. मग मी धीरगंभीर स्वरात उच्चारतो, "डावे-उजवे रुग्णाचे असते, बघणाऱ्याचे नसते. हे ज्यास स्मरणार नाही त्याने अन्य व्यवसाय शोधावा, शक्यतो निर्जीव वस्तूंचा." विभागात 'थोडक्यात वाचलो' नावाची वहीही माझ्याच पुढाकाराने सुरू झाली. रुग्णापर्यंत पोचण्याआधी सापडलेली चूक तीत नोंदवायची. चुकणाऱ्याचे नाव लिहायचे नाही. असा माणूस शिक्षणप्रमुख होणार नाही तर कोण, दारावरचा पहारेकरी?

आशीर्वाद पत्रोत्तरी पाठव.

तुझा (भावी शिक्षणप्रमुख) धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शब्द कळायला, दुसऱ्यांदा बातमी कळायला.

आशीर्वाद आहेच. पण अजून निवड झाली नाही आणि तू पाटी रंगवून घेतलीस. माप घेतल्याशिवाय कापड कापू नये, हे मी शिवणवर्गात पहिल्या दिवशी सांगते. त्यासाठी हात उंचवावा लागत नाही.

इकडे ठीक. माझी मोठी शिष्या काम सोडून गेली. नऊ वर्षं हाताखाली होती. बरंच झालं, खिडकीजवळची जागा मोकळी झाली. आता तिथं मीच बसते. उजेड चांगला आहे, डोळ्यांना बरं पडतं.

भावजयीला विचारलं म्हणून सांग. तुझ्याबरोबर राहते त्याबद्दल तिलाही एखादं पद द्यायला हवं.

ताई


१८ मार्च

ताई,

नमस्कार एकाच अंगाचा. बाकीची सात शोकमग्न आहेत.

निवड झाली. माझी नव्हे. अनुभव 'इष्ट' होता, 'आवश्यक' नव्हता, असे विभागप्रमुखांनी मला खुर्चीत बसवून, पाणी देऊन समजावले. एका विशेषणाने माझा घात केला. जन्मभर विशेषणांवर प्रेम केले त्याचे हे फळ.

आणि निवड कोणाची? तुला आठवत असेल, माझी एक विद्यार्थिनी होती. दर वाक्यास 'का?' विचारायची. मीच तिचे नाव 'शंकाबाई' ठेवले होते. इथे शिकली, इथेच माझ्या हाताखाली सहा वर्षे काम केले, तीन वर्षांपूर्वी दूरच्या एका संस्थेत गेली. ती परत आली आहे. शिक्षणप्रमुख म्हणून. माझी वरिष्ठ म्हणून!

"सगळ्या बाजूंनी पाहिलं," विभागप्रमुख म्हणाले, "ती जरा उजवी वाटली." ताई, मी अठरा वर्षे डावे-उजवे शिकवतो. 'डावलणे' या क्रियापदाची व्युत्पत्ती मात्र त्या क्षणी प्रथमच अंगावर आली.

तिच्या तासाला विद्यार्थी हसतात. माझ्या तासाला ते टिपणे घेतात. इतकी वर्षे मी हे आदराचे लक्षण समजत होतो. काल मी हातात रिकामी फाइल घेऊन तिच्या वर्गावरून सात वेळा गेलो. सातव्या खेपेस आतून एक मुलगी म्हणाली, "सरांना काहीतरी सापडत नाहीये." तिचे निरीक्षण अचूक होते.

सर्वांत जहरी गोष्ट अशी, की शंकाबाई मला अजून 'सर' म्हणते आणि मी खोलीत शिरलो की उभी राहते. त्यात उपरोध असता तर मी सुखाने सहन केला असता. त्यात उपरोध नाही.

घरी आलो तर तुझी भावजय म्हणाली, "काहीतरी जळल्याचा वास येतोय. गॅस बंद आहे ना, बघा." मी पाहिले. गॅस बंद होता.

धाकटा

ता.क. तुझी ती शिष्या कुठे गेली? शिष्यांच्या विश्वासघातावर एक तौलनिक प्रबंध लिहावा म्हणतो.


२ एप्रिल

धाकट्या,

वाईट वाटलं. खरंच. जेवत जा.

आता दुसरी गोष्ट. माझ्याकडे तुझी सगळी पत्रं बटणांच्या डब्याशेजारी ठेवलेली असतात. तीन वर्षांपूर्वीचं काढलं. तुझंच वाक्य उतरवते, मला असलं लिहिता येत नाही: 'शंकाबाईस दूरच्या संस्थेत जागा मिळत आहे. तिच्या प्रश्नांनी माझे वर्ग लांबतात आणि अलीकडे विद्यार्थी उत्तरेही तिलाच विचारतात. सबब मी शिफारसपत्र अशा थाटाचे लिहिले आहे, की तिला तेथे डोक्यावर घेतील आणि ती परतण्याचे कारण उरणार नाही.'

आठवतं का? स्तुती करून घालवलीस. आता ती त्याच स्तुतीच्या गाडीत बसून परत आली, तर भाडं कोणाला मागतोस?

पण एक मात्र तुझं बरोबर आहे. ज्यांना सुई धरायला शिकवलं त्यांनी आपल्याला माप दाखवू नये. एकदा डोक्यावर बसले की उतरत नाहीत. तिला तिच्या जागी ठेव.

माझी ती? गेली लांब. तिचा विषय नको.

ताई


२१ जून

ताई,

तुझ्या बटणांच्या डब्यास माझा दुरून दंडवत. असे पुराभिलेखागार शत्रूकडेही नसावे.

तू म्हणतेस ते खरे निघाले. तिने अर्जासोबत जोडलेले माझे ते शिफारसपत्र निवडसमितीपुढे मोठ्याने वाचले गेले. विभागप्रमुख सांगत होते, "तुमचं पत्र ऐकल्यावर मग चर्चा अशी झालीच नाही." मी 'असामान्य प्रज्ञा' लिहिले होते. 'अध्यापनाचा जन्मजात अधिकार' लिहिले होते. ताई, माझ्या गद्याने मलाच पराभूत केले. इतर कोणाचे गद्य असते तर समितीने संशय तरी घेतला असता.

आता विभागाची अवस्था ऐक. दोन तंत्रज्ञ नोकरी सोडून गेले. एक भौतिकतज्ज्ञ बाळंतपणाच्या रजेवर आहे. उरलो दोघे, मी आणि शंकाबाई. म्हणजे माझ्या प्रत्येक आराखड्यावर दुसरी सही तिची, तिच्या प्रत्येकावर माझी. दोन वैऱ्यांना एकाच दोराने बांधून विहिरीत सोडावे, आणि वर सांगावे की एकमेकांस सांभाळा.

याहून घोर गोष्ट पुढे आहे. विद्यापीठ शहराबाहेर दोन तासांवर एक उपकेंद्र उघडते आहे. वर्षअखेर इथला एक अनुभवी भौतिकतज्ज्ञ तिकडे कायमचा धाडला जाईल. तिथे वर्ग नाहीत, विद्यार्थी नाहीत. एक मशीन, एक खुर्ची आणि समोर वाहनतळ. कोणास धाडायचे ते शंकाबाईने लिहिलेल्या मूल्यमापनावर ठरेल. मला भय निंदेचे नाही. ती माझी भरघोस स्तुती करील! स्तुती करून माणूस घालवण्याच्या शास्त्राचा मी आद्य आचार्य आहे, आणि ती माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी.

म्हणून आधीच वार करावा असे ठरवले आहे. कुलसचिवांस देण्याच्या निवेदनाचा चार पानी मसुदा सोबत पाठवत आहे. त्यात सात मुद्दे आहेत. उदाहरणार्थ, मुद्दा दुसरा: पाच आठवड्यांत ती दोनदा, प्रत्येकी चार मिनिटे, उशिरा आली. मुद्दा चौथा: पाळ्या लावताना ज्येष्ठांची 'हेतुपुरस्सर अवहेलना'. (मला सोमवारची सकाळ दिली आहे.) वाचून मत कळव.

धाकटा


५ जुलै

धाकट्या,

मसुदा वाचला. पाठव.

मुद्दा चार मला नीटसा कळला नाही, पण जोरदार वाटतो. चार मिनिटांचं काढून टाक, त्यानं तूच घड्याळ घेऊन दारात उभा होतास असं दिसतं.

शाळेच्या कोटांचं मोठं काम आलंय. समोर बघायलाही फुरसत नाही.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

निवेदन गेले नाही. का गेले नाही ते सांगतो, आणि या पत्रात कमी विशेषणे आढळल्यास काळजी करू नकोस.

या महिन्याच्या अकरा तारखेस मी एका निवृत्त टपालवाल्यांचा आराखडा केला. गाठ उजव्या फुप्फुसात. रुग्णाच्या छातीच्या मध्यावर आम्ही शाईचा तिळाएवढा ठिपका गोंदतो. त्या ठिपक्यापासून किरणांचे केंद्र किती आणि कोणत्या बाजूस सरकवायचे, ते तंत्रज्ञांसाठी एका पत्रकावर लिहावे लागते. संगणकातला आराखडा निर्दोष होता. पत्रक लिहिताना शेजारी निवेदनाचा मसुदा उघडा होता, आणि मी एका डोळ्याने 'अवहेलना' शब्दास अधिक तीक्ष्ण पर्याय शोधत होतो. पत्रक पुरे केले, सही केली, दुसऱ्या सहीसाठी पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक माझ्या टेबलावर परत होते. दुसरी सही नव्हती. 'सहा सेंटिमीटर, रुग्णाच्या डावीकडे' या माझ्या ओळीपुढे शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिला होता.

'का?'

ताई, गाठ उजवीकडे होती. पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे दिसते. मी, ज्याने अठरा वर्षे हात वर करून हेच शिकवले, त्याने बघणाऱ्याची बाजू लिहिली.

रुग्णास काही झालेले नाही. उपचार सुरूच झाले नव्हते. आणि पहिल्या दिवशी मशीनवर चित्र घेतात, त्यात ही चूक पकडली गेली असती. बहुधा. 'बहुधा' हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडत आलो आहे.

मी ओळ दुरुस्त केली. मग खोडरबर हातात घेऊन बसलो. 'का?' पुसले की झाले. दुपार सरली, तरी तसाच होतो. शेवटी तिच्या खोलीत गेलो. ती उभी राहिली.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही, सर."

"वहीत लिहिलंस?"

"नाही. पहिल्या सहीवाल्याला स्वतः लिहायची संधी द्यायची. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत थांबायचं, मग तपासणाऱ्यानं लिहायचं. तुम्हीच शिकवलंत."

"मग पाचला तू लिहिणार होतीस?"

"हो, सर."

"आता किती वाजले?"

तिने घड्याळ पाहिले. "पावणेपाच."

एवढेच. आवाजात दया नाही, विजय नाही. मी वही उघडली. नियमाप्रमाणे नाव लिहायचे नव्हते. आणि तिथे, ताई, मला एक मोह झाला. विभागात सह्या करणारे आम्ही दोघेच. नाव न घालता नोंद केली असती, तर अर्ध्या विभागाने ती चूक तिचीच मानली असती; नवी आहे, घाईत असते, असे म्हटले असते. नियमही पाळला जात होता आणि काटाही निघत होता. हा मोह मला पूर्ण पाच मिनिटे झाला. भिंतीवरचे घड्याळ समोर होते, म्हणून नक्की सांगतो.

पाचला दहा कमी असताना मी चूक लिहिली, आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. नियम मोडला. तो मीच केला होता.

टपालवाल्यांचे उपचार आता चालू आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी." मी म्हणालो, "आपणांस कोणीतरी तपासत असेल." ते म्हणाले, "बायको." आणि हसले.

मसुदा फाडला आहे. तुझ्याकडची प्रतही फाडून टाकावी.

धाकटा


१९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र घेऊन दोन दिवस बसले. आता माझं ऐक.

माझी ती शिष्या लांब गेली असं लिहिलं होतं ना? बावीस पावलं. मोजलीत. माझ्या दुकानासमोरच तिनं दुकान काढलंय. मी खिडकीजवळ बसते ती उजेडासाठी नाही.

शाळेच्या एकोणीस कोटांचं कापड कापायचं होतं. मी एक डोळा कापडावर आणि एक तिच्या दारावर ठेवून गिऱ्हाइकं मोजत होते. अकरा झाली. तेवढ्यात मी डावी-उजवी जोडी निघावी म्हणून कापड दुमडून घ्यायचं ते सोडून नुसते थरावर थर लावले आणि कात्री चालवली. अडतीस बाह्या, सगळ्या डाव्या! चाळीस वर्षं झाली मला शिवायला लागून.

कापड आणखी मिळत नव्हतं. तीन दिवस गठ्ठा पलंगाखाली लपवला. मग उचलला आणि ती बावीस पावलं चालले. तिनं एक बाही हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "ताई, हे कापड दोन्ही अंगांनी सारखंच आहे. एकोणीस उलटून शिवा. डावीची उजवी होते."

एवढं साधं. वर्गात मीच सांगते ते. पण रागात बसलं की डोक्यात हवा जात नाही.

घरी आल्यावर तिचा राग आणखी आला, हेही सांगते. कोणी आपली चूक इतक्या पटकन सोडवू नये. जरा वेळ लावावा, आपल्या मानासाठी.

जुलैत तुला 'पाठव' लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. मीच कोणाला तरी निवेदन द्यायला बघत होते. तुझ्या तोंडून देणार होते. चुकलं माझं.

तुझा मसुदा फाडला नाही. कागद जाड आणि चांगला होता, त्याचा बाहीचा नमुना कापला. 'हेतुपुरस्सर' बगलेत आलं.

ताई


२२ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार अष्टांगी. कण्याचे काय व्हायचे ते होवो.

'हेतुपुरस्सर' बगलेत आल्याचे वाचून तुझी भावजय एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. माझ्या साहित्यास मिळालेली ही पहिली उत्स्फूर्त दाद होय. तुझ्या क्षमायाचनेबद्दल बोलणे नको. कात्री तुझी असली तरी कापड माझेच होते.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. शंकाबाई म्हणाली, "सर, पहिला तास तुम्हीच घ्या. तो हाताचा." मग दाराशी वळून, "आणि नंतर ते पत्रकाचंही सांगाल का?" मी सांगितले. वर्गात कोणी टिपणे घेतली नाहीत, कोणी हसलेही नाही. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, पण तुमचं लक्ष कुठे होतं?" अठरा वर्षांत मला विचारलेला हा सर्वोत्तम प्रश्न. मी उत्तरलो, "समोरच्याकडे." दारात शंकाबाई उभी होती. तिच्या हातात फाइल होती, आणि ती रिकामी होती असे मला पक्के वाटते.

आता मूल्यमापन. काल सायंकाळी चारच्या सुमारास तिने लिफाफा दिला. ताई, मी तो उघडेपर्यंत वाहनतळ मला स्पष्ट दिसत होता. मनात स्तुतीची वाक्ये आपोआप रचली जात होती: 'प्रदीर्घ अनुभव', 'उपकेंद्रास लाभणारे अनमोल मार्गदर्शन'. मी तिच्या जागी असतो तर अगदी हेच लिहिले असते.

आत तीन ओळी होत्या. जशाच्या तशा देतो.

'१. भाषा अवघड. तासानंतर मुलं अर्थ विचारत माझ्याकडे येतात.

२. वहीत नाव लिहून नियम मोडला. पुन्हा मोडू नये.

३. उपकेंद्रात पाठवू नये. का? माझ्या आराखड्यांवर दुसरी सही यांचीच हवी.'

स्तुतीचा एक शब्द नाही. मी तिला असामान्य प्रज्ञा लिहून घालवली होती. तिने माझे दोन दोष लिहून मला ठेवून घेतले.

उपकेंद्रात रजेवरून परतलेल्या भौतिकतज्ज्ञ बाई जाणार आहेत. त्यांचे घर तिकडेच असून त्या आनंदात आहेत. वाहनतळही त्यांना आवडला म्हणे.

मूल्यमापनासही दोन सह्या लागतात: वर लिहिणाऱ्याची, खाली ज्याचे असेल त्याची. मी तिच्या सहीखाली सही केली. पेन दोनदा झटकावे लागले.

सारे काही उत्तम झाले, मान्य आहे. पण तीन ओळी, ताई! मला हेच लिहायला चार पाने लागली असती, आणि तरीही ते इतके चांगले झाले नसते. हे मला अजून सहन होत नाही.

तुझा (केवळ) धाकटा